बाथरूममधे पडणारी बाई

५ जाने. ८६, रवि.
कमरेत लचक. शाळेतल्या पोरांच्या कॉप्यांचा ढीग तपासायचा तसाच. त्यात टाउनशिपच्या साहित्य मंडळाचे सचिव वानखेडे येऊन गोष्ट टाकून गेले. पुढच्या रविवारच्या बैठकीत रसग्रहण मीच करायचं म्हणे. "तुमचं एम. ए. कधी कामी येईल, वहिनी?" नाही म्हणता येत नाही मले, हीच खोड.
लिहिणाराचं नाव नेहमीसारखं झाकलेलं. आमच्या मंडळाची पद्धतच ती. गोष्ट दुसऱ्यानं वाचायची, चर्चा झाली की मग नाव सांगायचं. आधी कळलं तं लोक गोष्ट सोडून माणसावरच बोलतात.
भाजी परतता परतता वाचली. विनोदी आहे. टाउनशिपमधली गोमतीबाई सारखी बाथरूममधे पडते. शेजारणी म्हणतात, "बाई, क्वार्टर बदला, नाही तं साबण तरी बदला." लय हसली मी. वांगी करपली.

७ जाने., मंगळ.
पुन्हा वाचली. हसू आलं नाही.
नवरा गोष्टीत आहे, पण दिसत नाही. एक शब्द बोलत नाही. फक्त त्याचे बूट वाजतात. अन् बूट वाजले की पुढच्या परिच्छेदात बाई पडलेली. दर वेळी तसंच. बुटांच्या आधी ती खिडक्या लावून घेते, स्टील प्लांटची लाल धूळ येते म्हणून. पण एकदा धो धो पाऊस आहे, तरी लावते. पावसात कुठली आली धूळ? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावते ती!
काय लिहिलं आहे बाईनं. (बाईच असणार.) एवढं भयंकर, अन् सगळं हसत हसत. खूप दिवसांनी डोकं चाललं माझं. कॉलेजात असल्यासारखी टिपणं काढत बसली. ह्यांचा चहा राहिला. ओरडले. ओरडू दे.

१२ जाने., रवि.
बैठकीतून आत्ताच आली.
वाचन सुरू होतं तेव्हा लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेत ढोबळे साहेब, ह्यांचे ऑफिसर, सगळ्यात मोठ्यानं. मग मी उठली. बूट, खिडक्या, पाऊस, एकेक उलगडून दाखवलं. विनोद हा इथं नुसता पडदा आहे म्हटलं. शेवटी म्हटलं, "ही बाई घसरून पडत नाही. तिले नवरा मारतो. लेखिकेनं ते कुठंच लिहिलं नाही, अन् सगळीकडे तेच लिहिलं आहे." मले वाटलं, जिंकलं.
वानखेड्यांनी नाव वाचलं. सौ. कुमुद ढोबळे.
कुमुद मागच्या रांगेत. पदर सारखा करत बसली होती, करतच राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. "वा वहिनी! लय बारीक वाचता तुम्ही."
देवा, काय करून बसली मी.

१३ जाने., सोम.
हे: "कोणी सांगितलं होतं तुले चिरफाड करायले? गोष्ट होती, हसून सोडून द्यायची. साहेबानं आज माझा नमस्कार पण नाही घेतला."
मी म्हटलं, तिचं काय झालं असंल घरी?
"आपल्याले काय करायचं? काहून विंचवाच्या बिळात हात घालून राहिली?"
जेवण गेलं नाही. कॉप्याही नाही झाल्या.

१६ जाने., गुरु.
संक्रांतीच्या वाणाचं निमित्त करून गेली. दार साहेबांनीच उघडलं. गोड बोलले. "कुमुदची तब्येत ठीक नाही. बाथरूममधे पडली. तुमाले तं माहीतच आहे."
हसून राहिला होता मेला. वाण त्याच्याच हातात ठेवून आली. रस्ताभर रडली. रडून कोणाचं काय भलं झालं?

१९ जाने., रवि.
समोरच्या कमलताईंकडे मन मोकळं केलं. तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमाले सगळ्याईले माहीत आहे बाई. काहून हसतो मंग आम्ही एवढं? तिचं लिहिणं बंद नको पडायले म्हणून. तिचा नवराही हसत होता. निभून जात होतं तिचं."
म्हणजे साऱ्या टाउनशिपले माहीत. सूचकता अन् प्रतीकं लागली ती मलेच. तेव्हापासून राग राग होऊन राहिला. माझा, त्यांचा, सगळ्यांचाच. हसून हसून किती वर्षं निभवायचं बाईनं? पण मी तरी काय मोठं केलं, मार वाढवला तिचा. थकली बाप्पा मी.

२८ जाने., मंगळ. दुपार
शाळेतून येते तं पायरीवर कुमुद. एक पिशवी. हनुवटीखाली हिरवंनिळं. आत घेतलं, चहा टाकला. संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले भावाकडे जाते म्हणते, दुर्ग स्टेशनपर्यंत सोबत येता का?
म्हटलं, माझ्यावर राग नाही तुझा?
"होता ना ताई, लय होता. पडल्या पडल्या शिव्या घातल्या तुमाले. पण मग वाटलं, एका बाईनं तरी मोठ्यानं म्हटलं."
तेवढ्यात फाटकाशी स्कूटर. ढोबळे. खिडकीतूनच सांगितलं, इथं नाही आली. गेला नाही. स्कूटरवर बसून आहे. कमलताई त्यांच्या दारात उभ्या, आज हसत नाहीत. हे ड्यूटीवर. आले तं काय म्हणतील, मले नाही सांगता येत. दुसरं काही सुचत नाही म्हणून हे लिहीत बसली.
कुमुदनं चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. "दार उघडा, ताई. मी बोलते त्याच्याशी."
नको म्हटलं, मी बोलते.
"तुम्ही बोलल्या, ताई. चांगलं बोलल्या. आता मले बोलू द्या."
कडीपाशी गेली आहे. थांब म्हटलं, मी पण येते.