मालक नसलेल्या माणसाची सही

ब्रॅम्ली, सस्कॅचेवान
फाल्गुन वद्य षष्ठी (पंचांगात वसंत तोंडावर, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ)

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या विद्याधरचा लांबूनच, पण पुरता वाकून नमस्कार. तुझी साखर, तुझी कंबर आणि तुझा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (तिसऱ्याबद्दल भाबडेपणाने.) इकडे सर्व क्षेम.

संस्कृतचा एम. ए. होऊन मी जनावरांच्या दवाखान्यात बसून नेमकं करतो काय, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी विषय बदलला. आता ऐक. मी संमतिपत्रं रचतो. आमच्या डॉक्टरीणबाई जोलीन फ्रीझन (गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून जेवणाचा बेत ठरवू शकणारी बाई) जानेवारीत म्हणाल्या, "विद्या, लोक न वाचताच सह्या ठोकतात, आणि मांजर शुद्धीवर आलं की मला विचारतात, हिच्या पोटावरचे केस कुठे गेले! नवीन कागद कर बाबा." मला काय, आनंदच. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगावेत, हे गुरुजींनी छडीसकट शिकवलेलं. संमतिपत्रात तरी दुसरं काय असतं? काय कापायचं, कशासाठी, त्याचा जनावराशी संबंध काय आणि 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा. तीन आठवडे खपून मी अकरा नमुने केले. प्रत्येकाची पहिली ओळ ठळक: 'मी या प्राण्याचा मालक आहे.' शिवाय नियम केला, की ओळ न ओळ वाचल्याशिवाय पेन मिळणार नाही. पेन माझ्या खिशात. लोक मान हलवत कागदावरून नजर फिरवायचे आणि हात पुढे करायचे. वाचक असा मला पहिल्या महिन्यात एकही लाभला नाही.

लाभला तो ऑरेस्ट हॅवरिल्युक. वय चौऱ्याऐंशी, गव्हाची शेती, युक्रेनहून आलेल्या आजोबांची मिशी अजून वापरात. एका सकाळी तो काखोटीला कुत्री घेऊन आला. तिचं नाव क्विटका, म्हणजे त्यांच्या भाषेत फूल. (फूल अकरा वर्षांचं, वजन बावीस किलो, त्यात ऑरेस्टचा एक खुबा गेलेला.) तिच्या गर्भाशयात पू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासाभरात काढलं तर वाचेल, संध्याकाळपर्यंत थांबलो तर नाही. त्या हात धुवायला गेल्या आणि मी कागद पुढे केला.

ऑरेस्टने चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलेचना. मग म्हणाला, "हे खोटं आहे, प्रोफेसर. कुत्री माझी नाही. स्टेफानियाची."

स्टेफानिया त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या दफनानंतरच्या जेवणाला मी स्वतः सोळा पिरोगी, म्हणजे त्यांच्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खाल्ल्या होत्या. मी त्याला वारसाहक्क समजावला, घर तुझं झालं, शेत तुझं झालं, तशी कुत्रीही. तो म्हणाला, "घराचा कागद आहे. शेताचा आहे. हिचा दाखव." आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "विद्या, झाली का सही?" मी म्हटलं, "अधिकाऱ्यावर अडलंय." त्यावर त्या जे बोलल्या ते तुला कळवण्यासारखं नाही.

क्विटका लादीवर पडून धापा टाकत होती, आणि माझ्याच हौसेने लिहिलेली एक ठळक ओळ तिच्या आणि ऑपरेशनच्या टेबलाच्या मध्ये आडवी पडली होती. ऑरेस्टला कुत्री हवी होती, अक्का, फार हवी होती. पण पंचावन्न वर्षं ज्याने बायकोच्या कोंबडीलाही न विचारता हात लावला नाही, तो आज तिच्या कुत्रीवर सुरी चालवायला कसा सांगणार?

मी ओळ खोडली. वर हाताने लिहिलं: 'मालकीण: स्टेफानिया. तिच्या वतीने सांभाळणारा: ऑरेस्ट.' आणि विचारलं, "ती काय म्हणाली असती?"

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "म्हणाली असती, गाढवा, सही कर. आणि बूट काढ, लादी भिजवलीस सगळी."

त्याने सही केली. मग खरोखरच बूट काढले, भिंतीशी नीट जोडीने ठेवले आणि लोकरी मोज्यांवर दोन तास बाकावर बसून राहिला. मी कॉफी दिली, ती हातातच गार झाली. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन अंगठा दाखवला, तेव्हा तो उठला आणि आधी माझ्या टेबलाखालचं पाणी आपल्या रुमालाने पुसू लागला. मी खिडकीतून बर्फाकडे पाहिलं. काही वेळा बर्फ फार उपयोगी पडतो.

आता अकराही नमुन्यांत 'मालक, किंवा त्याच्या वतीने सांभाळणारा' अशी ओळ आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तीच एक ओळ लोक थांबून वाचतात.

मोठ्यांना नमस्कार म्हणावं, तर आता तूच सर्वांत मोठी. म्हणून पुन्हा तुलाच.

तुझा,
विद्याधर

ता. क. १: क्विटकाचे टाके निघाले. ती उत्तम आहे. माझी एक चप्पल नाही.

ता. क. २: कागदाच्या तळाशी 'आपण न भेटल्यास कोणाला विचारावं' अशी रिकामी जागा होती. तिथे ऑरेस्टने माझ्या छातीवरची नावाची पट्टी पाहून माझं नाव लिहिलं होतं. मला ते मंगळवारी कळलं. कुत्री कोणाकडे ठेवणार म्हणून वर्षभर टाळलेलं खुब्याचं ऑपरेशन त्याने अखेर करून घेतलं. आठ आठवडे तो मुलीकडे राहणार, आणि मुलीला कुत्र्यांमुळे शिंका येतात.

ता. क. ३: तर पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा तुझ्या खोलीत, तुझ्यासाठी घेतलेल्या पलंगावर कोणीतरी असेल. ती घोरते, पण शिस्तीत. मिरजेच्या घरी तू कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नाहीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच सोबत बारावा नमुना जोडला आहे. ओळ न ओळ वाच आणि सही करून फोटो पाठव. 'संमती आहे' अशी चौकट डावीकडे आहे. उजवीकडे जागा पुरली नाही.