मी अडवून धरलेला पाऊस

३ डिसेंबर
वेनिंगचं लग्न चौदाला. अंगणात, उघड्यावर. मांडववाल्याला नको म्हणून कळवलं. लस्मी म्हणाली, ऐन पावसाळ्यात मुलीचं लग्न आणि वर छप्पर नाही, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? तीस वर्षं संसार करून बायकोला नवरा कळलेला नाही. गेल्या वर्षी शाळेतल्या माझ्या निरोप समारंभाला मी माडाच्या झावळीच्या हिरांवर कांदा-मिरच्या टोचून ते मैदानात रोवले. दोन तास थेंब नाही. आमच्या जावा बेटावर पावसाळा डिसेंबरात असतो, आणि पाऊस अडवणारे याचे पैसे घेतात. मी फुकट करतो, आणि मी भूगोलही शिकवलाय.

४ डिसेंबर, पहाटे ५
अंगणाच्या चारही कोपऱ्यांत हीर रोवले. नियम असा की काम संपेपर्यंत आंघोळ नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

७ डिसेंबर
आभाळ स्वच्छ. चहाच्या टपरीवर पाऊण तास बोललो. निसर्ग भित्र्यांचं ऐकत नाही, निर्धाराचं ऐकतो, वगैरे. टाळ्या नाहीत, पण शांतता गंभीर होती.
रेडिओवर सांगितलं, सबंध जावात पावसाने दडी मारली आहे. सबंध जावा? एवढा जोर मी लावला नव्हता.
लस्मीने माझं अंथरूण ओसरीवर घातलं.

९ डिसेंबर
शेजारचा कार्सो चौघांना घेऊन आला. टेकडीवरची भाताची रोपं पिवळी पडलीत. म्हणाला, गुरुजी, तुम्हीच अडवलाय म्हणता ना, मग दोन दिवस सोडा की, नंतर धरा पुन्हा. मी म्हटलं, पाऊस म्हणजे बकरी नव्हे, सोडायला आणि बांधायला. चौदाच्या आधी सोडणार नाही. एकजण म्हणाला, तोवर रोपं राहणार नाहीत. मी म्हटलं, त्यागाशिवाय समाज उभा राहत नाही. वाक्य उत्तम जमलं. कार्सो चपला घालून निघाला. पटलं असावं.

१२ डिसेंबर
लग्नघरी शेजारच्या बायका दोन दिवस आधीपासून रांधायला येतात. बोलावणं लागत नाही. आज कुणी नाही. उन्हामुळे उशीर होत असेल.
संध्याकाळी ६. कुणी नाही. गावातली गियेम आजीसुद्धा नाही. वेनिंग जन्मली तेव्हा तिला पहिली आंघोळ आजीने घातली होती. लस्मी एकटीच नारळ किसतेय. 

१३ डिसेंबर, सकाळ
वेनिंग म्हणाली, बाबा, खुर्च्या कमी मागवा. एवढंच. मान वर केली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ३
लग्नाचा माइक आणि कर्णे आले. निर्णय घेतला. माइक धरून म्हणालो, ग्रामस्थहो, पाऊस अडवायची ताकद माझ्यात नाही. कधीच नव्हती. सबंध जावा कोरडं आहे, रेडिओला विचारा. मी फुशारकी मारली. आवाज टेकडीपर्यंत गेला. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. लाज वाटली, पण गैरसमज दूर झाला. आता येतील.

सव्वाचार
आले! आजी पुढे, स्वतःची सुरी घेऊन. मागे आठ बायका. मी म्हटलं, बघा, खरं सांगितल्यावर कळलं ना सगळ्यांना!
आजी म्हणाली, आधीपासूनच ठाऊक होतं हो. पाऊस कुणाच्या बापाला अडवता येत नाही, आणि तुम्हाला तर वर्गातली पोरं आवरत नव्हती. पण कार्सो दारात आला तेव्हा 'माझ्या हातात नाही' असं तुम्ही म्हणाला नाहीत. 'सोडणार नाही' म्हणालात. खरंच हातात असता, तर आमची रोपं वाळू दिली असतीत तुम्ही. आम्ही वेनिंगसाठी आलोय. सरका, चूल पेटवू द्या.
सरकलो.

१४ डिसेंबर
लग्न झालं. लख्ख ऊन. मी भाषण केलं नाही. कुणी आग्रहही केला नाही.
कार्सो आला. वेनिंगच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत निघाला. फाटकापाशी गाठलं. रोपं वाचली का, हे विचारायचं होतं. तोंडातून आलं, जेवलात का?
नाही, म्हणाला, आणि टेकडीकडे चालू लागला.