अंबिलीतली तगर

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

ति. सौ. ललिताकाकूंस दामिनीचा नमस्कार.

घडले ते असे:

१. दिवाळीत मी सांगितले की आमच्या प्रयोगशाळेत तगरीच्या मुळीतल्या एका अल्कलॉइड द्रव्यावर काम चालते. दारूची सवय लावलेले उंदीर त्यामुळे कमी पितात.
२. तुमच्या विक्कीची दारू सुटावी म्हणून तुम्ही विहिरीजवळच्या तगरीची मुळी उकळलीत आणि काढा त्याच्या अंबिलीत मिसळलात. त्याला न सांगता.
३. विक्की अंगणात कोसळला. पवनीच्या डॉक्टरांना नाडी फार मंद लागली.
४. पोटात काय गेले, असे त्यांनी विचारले. तुम्ही काही नाही म्हणालात.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते. मुळीत एकच द्रव्य नसते. त्यातली काही हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. डॉक्टरांना खरे सांगा. काढा पुन्हा देऊ नका. लोभ ठेवावा.

दामिनी

आसगाव, ७ फेब्रुवारी

चि. दामिनीले काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे कोर्टाची नोटीसच व माय! काकू, कशी आहेस, एवढंही नाही विचारलं. उंदरायचं कवतिक तूच सांगतलं होतं ना?

तगर मी उपटून फेकली. पण खरं सांगणं होत नाही. दवाखान्यातून आल्यापासून पोट्ट्यानं दारूले हात नाही लावला. रोज उन्हाळी धानाच्या रोवणीले जाऊन राहिला. माह्या मनानं सोडली, म्हणून गावभर सांगून राहिला. त्याचा बापही आता त्याच्याशी बोलते. मायनं चोरून पाजलं हे कळलं, तं तो पिण्यापासून कायले थांबन? डॉक्टरले सांगतलं तं त्यालेही कळन. मी का करू, तूच सांग.

तुझ्या लग्नाचं नाव काढलं तं रागावशील, म्हणून इथंच थांबते. माया असू दे.

तुझी काकू

नागपूर, ११ फेब्रुवारी

ति. काकूंस नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तगर उपटलीत, आता पूजेला फुले कुठून आणता?

विक्कीला खरे कळायलाच हवे. त्याच्या हृदयाचा आलेख काढावा लागेल. तोवर काही साध्या गोळ्याही त्याला धोक्याच्या ठरू शकतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो कुठलीही गोळी घेईल.

तुमच्या भीतीबद्दल. आमचे उंदीर औषधाचा अंमल असेपर्यंतच कमी प्यायले. तो ओसरल्यावर सगळे पुन्हा पिऊ लागले. काढा बंद होऊनही विक्की अजून पीत नाही. ते मुळीमुळे, असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. त्याला दोन्ही सांगा: नाडी मंदावली ती बहुधा काढ्याने; बाटली बाजूला ठेवतो आहे तो स्वतः.

मी सोबत हवी असेन तर एसटीने येईन. सांगायचे मात्र तुम्हीच. माझ्यावर रागावलात तरी चालेल, माया कमी करू नका.

त्याला सांगितले का, आणि तो काय म्हणाला, हे शनिवार, २२ फेब्रुवारीपर्यंत कळवा.

दामिनी