खोल बाजूची हाक

९ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माणूस ऐकू येत नाही, नुसता फोन ऐकू येतो, अशी तुमची तक्रार. म्हणून हे पत्र.

बाबा जिथे पोहायला शिकवायचे त्या तलावाचं काय करायचं, ते माझ्या गळ्यात पडलं आहे. नगरपालिकेला व्यायाम-करमणुकीसाठी निधी मिळालाय, पण तो एकाच कामाला पुरेल. एक तर तलाव दुरुस्त करायचा, नाही तर तो बुजवून वर आरसे आणि धावायची यंत्रं लावलेला हॉल बांधायचा. अभियंता म्हणून अहवाल मी द्यायचा. सभापतींचं मत ठरलेलं आहे. म्हणाले, लोकांना घाम गाळायचाय, अंघोळ ते घरी करतात.

काल कोरड्या तलावात शिडीने उतरले. उथळ बाजूला काही नाही. खोल बाजूच्या भिंतीतल्या भेगा बघत होते, तेवढ्यात वर उडीच्या फळीजवळून बाबांचा आवाज आला. लगागा, लगागा, लगागा. मग गप्प. वर पाहिलं तर फळी रिकामी. रखवालदार फाटकाशी पेपर वाचत बसलेला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. मी वेडी झालेली नाही. एवढंच सांगा, चौथं लगागा ते का गिळायचे? काकूंना यातलं काही सांगू नका, त्या लगेच मला झोपेची गोळी सुचवतील.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मुंगी


१७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसलो नाही. कानाच्या यंत्रात नवी बॅटरी घातली आणि काल बसने येऊन गेलो. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. रखवालदाराने धरून मला खोल बाजूला उतरवलं. तळाशी वाळकी पानं होती, निळ्या फरशीचा रंग उडाला होता. रखवालदार किल्ल्या वाजवायला लागेपर्यंत बसलो. काही ऐकू आलं नाही. परतताना बसमध्ये कारण कळलं.

शाळेत भुजंगप्रयात माझं लाडकं वृत्त. एका ओळीत चार लगागा. मी घरभर घोकत फिरायचो आणि दादा, तुझा बाप, कानात बोटं घालायचा. पण ठेका त्याच्या हाडात शिरला. पुढे तो पोहायला शिकवू लागला तेव्हा त्याने माझं वृत्त सरळ पाण्यात ढकललं. तीन लगागांना हात मारायचे, चौथ्याला तोंड वर काढून श्वास घ्यायचा. मी म्हणायचो, दादा, ओळ लंगडी झाली. तो म्हणायचा, तुझ्या कवींना श्वास लागत नसेल, माझ्या पोरांना लागतो.

पहिला विद्यार्थी मीच. ज्या दिवशी मी एकट्याने पलीकडचा काठ गाठला, त्या दिवसापासून त्याने मला कधी हाक दिली नाही. पोहता येणाऱ्याकडे तो वळूनही बघायचा नाही. त्याची हाक खोल बाजूला उतरलेल्या, पोहता न येणाऱ्यासाठी असायची.

मुंगे, तू लहानपणी काठाकाठानेच चालायचीस, त्यावरून तुझं हे नाव पडलं. गावात त्याच्या हाताखालून न गेलेली एकच पोर आहे.

अहवाल मात्र भिंत बघून लिही, भूत बघून नको.

तुझ्या सुखाची वाट पाहणारा,
काका


२० सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

भिंत बघूनच लिहिलं. भेगा सांध्यांपुरत्याच निघाल्या. बाहेरच्या अभियंत्याकडूनही तपासून घेतलं. तलाव दुरुस्त झाला, गेल्या आठवड्यात उघडला. सभापतींनी फीत कापली आणि आरसे नाहीत म्हणून जाता जाता हळहळले. पोरांची ही झुंबड. शिकवायला नव्या बाई आल्या आहेत, त्यांची शिट्टी कान फाडते.

गर्दी ओसरली की मी रोज खोल बाजूला जाते. लोखंडी शिडी धरून एक पायरी उतरते. पाणी गुडघ्याला लागलं की बाबा हाक देतात. हळू, न रागावता. माझ्या लहानपणी ते गावभराचे मास्तर होते, घरी तरी नसावेत असं वाटायचं, म्हणून हट्टाने शिकले नाही.

बाई म्हणतात, नवशिक्यांच्या तुकडीत या. मी जाणार नाही. शिकले तर ते हाक कशाला देतील?

मला समजावू नका, नुसतं पत्र लिहा.
मुंगी


११ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

समजावत नाही. घडलं ते सांगतो. परवा तू बाहेरगावी होतीस, तेव्हा येऊन पोहलो. कानाचं यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवलं, म्हणजे मी ठार बहिरा. खोल बाजूच्या मध्यावर हात दगड झाले. पाणी नाकाशी आलं. आणि दादा ओरडला. लगागा, लगागा, लगागा. चौथ्याला तोंड वर काढलं, श्वास मिळाला. तसाच काठापर्यंत आलो.

म्हणजे शिकलेल्यालाही तो विसरत नाही, तू घाबरू नकोस. काकूला सांगितलंय की पाय घसरला. तुला खरं सांगतो. हात थकलेत हे कळल्यावरही काठ सोडून मध्याकडे वळलो, तो मीच.

इतक्या वर्षांनी त्याने मला हाक दिली. गुरुवारी पुन्हा येईन म्हणतो.

तुझा,
काका


१३ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. गुरुवारच्या आत तुमच्या हातात पडायला हवं. रखवालदाराला बजावलंय, काकांना खोल बाजूला सोडायचं नाही. त्याच्यावर चिडू नका, माझ्यावर चिडा.

आज नवशिक्यांच्या तुकडीत नाव घातलं. माझ्या पुढे सात वर्षांची मुलगी आहे, ती मला मावशी म्हणून धीर देते. पण शिट्टीवर माझे हात हलत नाहीत. काठावरून हाक द्यायला माणूस हवं. गुरुवारी या, पोहायचे कपडे घरी ठेवून या. उथळ बाजूला उभे राहा आणि तीनदा मोठ्याने ओरडा.

चौथ्याला मात्र तुम्ही आणि बाबा, दोघेही गप्प राहा.

तुमची,
मुंगी