भाऊ, मी गाड्या थांबवल्या

प्रिय भाऊ,

तू गेलास त्याला आता वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही. काल अकोल्याहून परत आलो आणि आज लिहायला बसलो, कारण तिथे जे घडलं ते तुझ्याखेरीज कोणाला सांगू?

अमरावतीच्या पंतोजींकडे मला तूच घातलंस. कापसाच्या चिठ्ठ्या लिहायला घरात एक तरी माणूस हवा, म्हणालास. त्या अक्षरांनी तुलाच पत्र लिहावं लागेल, हे तुझ्या मनात तरी आलं असेल का?

तू चौदा गाड्यांचा मुकादम होतास. मुक्कामाला पोचलो की तू आधी बैलांच्या माना चाचपायचास, मग एकेका गाडीवानाला विचारायचास, "जेवला का रे?" मला ते बायकी वाटायचं. मुकादम म्हणजे पुढे चालणारा, ज्याच्या आवाजाला सगळे भितात तो, अशी माझी समजूत होती. मला तसंच व्हायचं होतं.

मागचा चैत्र आठवतो ना? साता समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अकोल्याच्या शेठचा निरोप होता, जो आधी येईल त्याला वर्षभराचं काम. मूर्तिजापूर सोडलं आणि आपल्या शेख इमामला पटकी झाली. सकाळी बैल जुंपणारा धडधाकट माणूस दुपारी बाभळीखाली निपचित पडला. सगळे गाडीवान लांब सरकले. मीही सरकलो, भाऊ.

तू म्हणालास, "नामदेवा, तू गाड्या घेऊन जाय. मी राह्यतो इमामपाशी."

"अन् तू कवा येशीन?"

"हा उठला का येतो मांगून."

मी एकदाही म्हटलं नाही की मीही थांबतो. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. रोगाची भीती होती, उशीर झाला तर शेठ काम देणार नाही ही त्याहून मोठी भीती होती, आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे माझी गाडी होती. तू तरी मला थांब का म्हणाला नाहीस? की माझं मन तुला तोंडावरच दिसलं होतं?

अकोल्यात आम्ही सर्वांत आधी पोचलो. शेठने माझ्या डोक्याला पागोटं बांधलं. ते तसंच बांधून मी चौथ्या दिवशी परतलो.

बाभळीखाली इमाम बसला होता. एकटाच. मला पाहून तो रडायला लागला.

"दोन दिवस त्याईनं मले पाणी पाजलं, नामदेवा. माये कपडे धुतले. तिसऱ्या दिवशी त्याईलेच झालं. पाणी मांगत होते. मटका दहा पावलांवर होता, अन् मायात उठाची ताकत नवती."

गावकऱ्यांनी तुला अग्नी दिला होता. मी पोचलो तेव्हा राखही गार झाली होती.

घरी आल्यावर वहिनीने आधी पागोट्याकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, "भाऊजी, तुमी त्याईले एकटं सोडून कसे आले?"

दिवाळीनंतर कापूस निघाला, तेव्हा गाडीवान दारात आले. मुकादमी तू घे, म्हणाले. मी नाही म्हटलं. इमाम मागे थांबला.

"मी सोडून गेलो होतो, इमामभाई."

"म्हणूनच म्हणतो," तो म्हणाला. "सोडून गेल्यानं काय होते, ते तुयाहून जास्त कोनाले मालूम हाय?"

मी मुकादमी घेतली. खूप दिवस ती नुसती ओढली. बैल मोजायचे, माल चढवायचा, रस्त्याला लागायचं. कशासाठी, ते कळत नव्हतं.

मग या खेपेला बोरगावच्या पुढे आपला गाडीवान गणपत तापाने फणफणला. "मले इथंच टाका अन् जा," म्हणाला. काही न ठरवताच मी बैल सोडले. पाच गाड्या कुरकुरत पुढे निघून गेल्या, बाकीच्या थांबल्या. मी त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलो आणि उरलेल्यांना एकेक करून जेवलात का विचारलं. कितीतरी महिन्यांनी माझे हात योग्य जागी आहेत असं वाटलं. दोन दिवसांनी ताप उतरला.

अकोल्याला उशिरा पोचलो. शेठ ओरडला, भलतंसलतं बोलला. मग कापूस उतरवून घेतला.

एवढंच, भाऊ. फक्त ओरडला. ज्याच्या भीतीने मी तुला त्या बाभळीखाली सोडून पळालो, ते एवढंच होतं. त्या शेठच्या अंगणात, रित्या गाडीच्या आडोशाला बसून मी पोरासारखा रडलो. तेव्हा मी थांबलो असतो तर तुला पाणी द्यायला माझे दोन हात होते.

आता काम कशासाठी करायचं ते कळलं आहे, पण ते शिकवायला तुला जावं लागलं, हे सोसत नाही.

एक शब्द देतो. माझ्या गाड्यांबरोबर निघालेला माणूस माझ्या गाड्यांबरोबरच घरी येईल. आणि कोणी वाटेत संपलाच, तर त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मी घालीन.

तुला एकटं टाकून गेलेला, तरी तुझाच धाकटा,
नामदेव