लॅपटॉपवर ओलं गोणपाट

मखमलाबाद, नाशिक
मे २००६

ती. मामांस मनीषाचा साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. मामींची कंबर आता कशी आहे? आई निरगुडीचा पाला पाठवणार म्हणतेय, तेव्हा तो येणारच, तुमच्याकडे फ्रिजमध्ये जागा असो वा नसो. फोन न करता पत्र का लिहिते, तर आपला फोन ओटीवर, आणि तो वाजला की तुमचे दाजी, म्हणजे आमचे दादा, टीव्हीचा आवाज बारीक करतात. (शेजारच्या झुंबरबाईसुद्धा त्यांच्या टीव्हीचा आवाज बारीक करतात, पण त्यांना काही म्हणायची सोय नाही.) माझा अभ्यास उत्तम चाललाय. एम.एस्सी. कॉम्प्युटरची परीक्षा बरी गेली. एका पेपराबद्दल तेवढं विचारू नका.

आता मुख्य बातमी, आपल्या घरी लॅपटॉप आला! त्याचं असं झालं, जुलैपासून आम्हाला सहा महिने एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकायचंय. ज्यांना जमत नाही त्यांनी कॉलेजातच बसून काहीतरी करायचं. मला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. अख्ख्या वर्गातून दोघांनाच बोलावलं, हे मी उगीच सांगत नाहीये, पण सांगतेय. दादांना हे सांगितलं. मग एका सकाळी फुलबाजारातून परत आले ते मोगऱ्याच्या रिकाम्या टोपलीत लॅपटॉप घेऊन. म्हणाले, घे, मशीनच घरी आणलं, आता पुण्याला कशाला जायचं? यावर माणसाने हसावं की रडावं? मी आळीपाळीने दोन्ही केलं. बरं, लॅपटॉप इतका देखणा की धड रागावताही येईना. असो. पुण्याचा विषय माझ्यापुरता संपलाय, त्याबद्दल मी अवाक्षरही लिहिणार नाही.

लॅपटॉपची रीतसर पूजा झाली. आईने हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे इंग्रजी 'जी' दाबलं की अजून बोट पिवळं होतं. मग आळी लोटली. झुंबरबाईंना त्यात त्र्यंबकेश्वरचं दर्शन हवं होतं. नेट नाही म्हटल्यावर, मग एवढं उघडून काय बघायचं, असं म्हणून त्या चहा पिऊन गेल्या. पण खरे नादावलेत दादा. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि असले प्रश्न विचारतात की आमच्या सरांनी कपाळाला हात लावावा. पडद्यावरचा तो बाण, मशीन बंद केल्यावर कुठे जातो? पुसलेलं अक्षर पुसून नेमकं जातं कुठे? मामा, मी पाच वर्षं हेच शिकतेय आणि मला हे कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं! आता रोज तेच डोक्यात. पुण्यातल्या कंपनीत म्हणे असली मशीन उघडून आतून दाखवतात. (हे अवाक्षर धरू नका.) दादांना त्यातला पत्त्यांचा खेळही सापडलाय. गळ्यात माळ, जन्मात पत्त्याला हात लावला नाही आणि आता राजावर राणी बसवतात. विचारलं तर म्हणतात, तुझं मशीन तपासतोय.

आणि मग गेल्या आठवड्यातला प्रकार. दुपारी ऊन मरणाचं, लॅपटॉप खालून चटके देत होता. मी तो मिटून जेवायला गेले. तुम्हाला आपला धंदा माहीतच आहे, मोगऱ्याची कळी तापली की उमलते आणि उमललेली कळी बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून तोडणी झाली की टोपलीवर ओलं गोणपाट. आईचा हात त्यात बसलेला. मी जेवून येते तर लॅपटॉपवर ओलं गोणपाट! मी किंचाळले, तर आई शांतपणे म्हणाली, अगं, लय तापलं होतं.

दादांनी धावत येऊन तो उचलला, तर पाणी गळायला लागलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी तो उघडून खाटेवर पंख्याखाली पालथा घातला आणि स्वतः उशाशी बसून राहिले. आम्ही कुणी त्याला हात लावायचा नाही असा हुकूम सुटला. दोन दिवसांनी कळ दाबली आणि तो सुरू झाला हो! दादांनी देवापुढे साखर ठेवली. आई मात्र दारात उभी राहून एवढंच म्हणाली, झाला का सुरू? आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मला एक कोडं पडलंय. कळ्या झाकताना आई गोणपाट इतकं घट्ट पिळते की थेंब गळत नाही. मी कधी निथळतं टाकलं तर मला बोलणी बसतात, कळ्या काळ्या पडतात म्हणून. मग त्या दिवशीचंच गोणपाट कसं निथळत होतं? आणि त्याच सकाळी तिने मला विचारलं होतं, हे बिघडलं तर तुला पुण्याला जावं लागंल का गं? मला वाटलं, बिचारी काळजीने विचारतेय.

असो. मामींना नमस्कार, वेदिकाला गोड पापा.

तुमची भाची,
मनीषा

ता. क. : विषय संपलाय हे खरंच, पण कंपनीला या महिनाअखेर कळवायचंय. तुम्ही रविवारी सहज आल्यासारखे या ना मामा. मी पुण्यात तुमच्याकडेच राहीन, मामींना भाकऱ्या करून देईन. दादा तुमचं ऐकतात. मला फार जावंसं वाटतंय हो.

पुन्हा ता. क. : लॅपटॉप दादांजवळ ठेवून जाईन असं हळूच सुचवा. ते पत्त्यांपायी विरघळतील.

चि. भिकनला आक्काचा आशीर्वाद. पोरीनं पाकीट टपालात टाकायला दिलं, मी उघडून वाचलं. तिला बोलू नको. सातवीनंतर मलाबी शिकायचं होतं, तवा तू लहान होतास, माझ्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. आता तू मोठा हायेस. रविवारी ये आन् तुझ्या दाजींना सांग. नाय ऐकलं तर काळजी करू नको, मी गोणपाट भिजत घातलंय.