उत्तम बोंबील

वर्सोवा, मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर १९५४. सकाळचे सव्वासहा. वखारीच्या पायरीवर तिसऱ्यांदा साबणाने हात धुऊन लिहायला बसलो.

ती. सौ. सुगंधाताईस सहदेवचा सा. न. वि. वि.

काल सकाळी आमच्या वखारीतल्या लवूच्या हाती पाठवलेली सुक्या बोंबलांची जुडी खाऊ नकोस. आधी एवढे वाच, मग बाकीचे. तुला पाचवा महिना, तोंडाला चव नाही, म्हणून मीच ती निवडून दिली होती.

मागे अवेळी पाऊस येऊन बांबूंवर वाळत घातलेले बोंबील भिजले, त्यांत अळ्या पडल्या. असा माल कोळणी फक्त खतासाठी देतात. आमच्या मालकांनी तो खताच्या भावाने घेतला आणि मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वाळवला. काल रुक्मिणीमावशी कोळणीने एक बोंबील माझ्या नाकासमोर मोडला. आत वळवळत होते! तिने विचारले, की एवढे सुरेख अक्षर काढतोस, देवाने नाक दिले नाही का रे तुला? कारण प्रत्येक जुडीला ‘उत्तम बोंबील’ ही चिठ्ठी लिहून बांधतो तो मीच.

मालक म्हणाले, शिजल्यावर कुणाला कळते. रात्रभर ओकत होतो. दिवाळीपर्यंत सुटी नाही, म्हणून पत्रच टाकतो.

माझी शिसारी आली तरी लोभ तोडू नये.

सहदेव

भांडुप, शुक्रवार, ता. १५.

चि. सहदेव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. जुडी सोमवारी दुपारीच भाजली. सासूबाई नाक मुरडून फेकून दे म्हणत होत्या. मीच ऐकले नाही. म्हटले, चिठ्ठी माझ्या भावाच्या हातची आहे. दोन दिवस उलट्या, अंथरुणाला अजून तो वास आहे. बाळ सुखरूप आहे असे डॉक्टर सांगतात, म्हणून हे पत्र तरी लिहिते.

मी मेले असते तरी दिवाळीलाच आला असतास का रे? चिठ्ठी सोबत परत पाठवली आहे. सांभाळून ठेव.

आशीर्वाद आहेतच, न मागता.

सुगंधा

वर्सोवा, सोमवार, ता. १८. सकाळचे साडेदहा. ट्रंक बांधून तिच्यावरच बसलो आहे.

ती. ताईस सा. न.

हे पत्र लवू आजच पोचवील. चिठ्ठी मिळाली.

आज पहाटे मालकांनी साठ कोऱ्या चिठ्ठ्या पुढे टाकल्या. साठही सुवाच्य लिहिल्या: ‘अळ्यांचा माल. फक्त खतासाठी.’ एकेका जुडीला घट्ट बांधल्या. मालकांना वाचता येत नाही, म्हणून तर मला ठेवले होते. शाबासकी देऊन ते स्वतःच गाडीबरोबर अंधेरीच्या बाजाराला गेले. रुक्मिणीमावशीला वाचून दाखवले, तर ती हसून हसून टोपलीवर बसली.

जेवायला वाढू नकोस. हातांचा वास अजून गेलेला नाही, दाराबाहेरच बसेन. पण या पत्रामागोमाग येतो, दिवाळीला नव्हे.

सहदेव